दुसरा शिक्का

क्लबात त्याला सगळे टेहळ्या म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते तिथेच राहिलं. गोल्फचा बॉल कुठल्याही झुडपात, कुठल्याही खड्ड्यात जाऊन पडो, हा माणूस खांद्यावर चौदा स्टिकांची पिशवी घेऊन नाकासमोर चालत जायचा आणि नेमका बॉलच्या शेजारी जाऊन उभा राहायचा. बाकीचे कॅडी गवत तुडवत, एकमेकांना शिव्या घालत शोधत बसायचे, आणि हा तिथे हूं की चूं न करता साहेबांची वाट बघत उभा. त्यावरून नाव पडलं. त्याला ते आवडायचं. चारचौघांत नाव निघावं असं दुसरं काही त्याच्यापाशी नव्हतंच.

वय चोपन्न. त्यातली बावीस वर्षं त्याने एकाच माणसाची पिशवी उचलली. ते सिमेंटवाले साहेब. चार गोदामं, वीसेक ट्रक, पण आवाज चढवून बोललेलं कुणी ऐकलं नाही. टेहळ्याला ते एकटेच 'टेहळेराव' म्हणायचे. आधी थट्टेने, मग सवयीने. बायकोची थायरॉइडची गोळी बदलली का, पोरीचा नर्सिंगचा निकाल लागला का, हे आठवणीने विचारायचे. मोठी माणसं विचारतात आणि उत्तर यायच्या आत दुसरीकडे बघायला लागतात. साहेब मात्र उत्तर संपेपर्यंत थांबायचे. अशा माणसासाठी जीव टाकावासा वाटला तर नवल नाही. टेहळ्याने टाकला, पण कसा, ते ऐका.

साहेबांचा खेळ बेताचाच. पहिल्याच वर्षी एका स्पर्धेत त्यांचा बॉल वाढलेल्या गवतात, झाडाच्या मुळाच्या बेचक्यात जाऊन बसला. पडला तिथूनच मारायचा हा खेळाचा नियम, आणि तिथून मारायचा म्हणजे एकतर स्टिक मोडणार नाहीतर मनगट. साहेब अजून ऐंशी पावलं मागे, कुणाशी तरी बोलत येत होते. टेहळ्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि बुटाच्या टोकाने बॉल हळूच ढकलला. वीतभर. नुसता वीतभर. साहेब आले, वाकून बघितलं, म्हणाले, "अरे वा! नशीब जोरावर आहे आज," आणि असा फटका मारला की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना त्यांनी टेहळ्याच्या पाठीवर थाप मारली. झालं! त्या एका थापेने गडी कामातून गेला.

तेव्हापासून बावीस वर्षं हाच उद्योग. कॅडींच्या शेडमध्ये याला कुणी लबाडी म्हणत नसे. तिथला शब्द होता 'काळजी'. ज्याने त्याने आपापल्या साहेबाची काळजी घ्यायची, आणि साहेबाला ती कळू द्यायची नाही, एवढाच नियम. काही साहेब पक्के मुरलेले. बॉल अडचणीत पडला की "जरा बघ रे" म्हणायचे आणि आभाळातले ढग मोजायला लागायचे. सिमेंटवाले साहेब त्यांतले नव्हते. त्यांना याचा गंधही नव्हता. उलट कुणी नियम मोडलेला दिसला की त्यांचा चेहरा उतरायचा, जणू चोरी त्यांनीच केली. असल्या माणसाचा बॉल टेहळ्या सरकवत राहिला. साहेबांनी दोनदा क्लबाची ढाल जिंकली, तेव्हा टेहळ्याने घरी येऊन बायकोला सांगितलं, "आज आपण जिंकलो." लाज? छे हो! तेव्हा त्याची छाती फुगायची. लाज वाटायची ती पुढे इतकी वाटली की मागचीसुद्धा सगळी थकबाकी तिने वसूल केली.

मग सायकली आल्या.

पहिली सायकल आणली हार्टवाल्या डॉक्टरांनी. हे डॉक्टर म्हणजे क्लबातलं मोठं प्रस्थ. लोकांच्या छातीवर रोज कान ठेवतात, त्यामुळे सगळ्यांची छाती यांना बघून धडधडायची. त्यांनी एके दिवशी जाहीर केलं, "गोल्फ म्हणजे नुसतं फिरणं आहे. त्यातसुद्धा पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर. पन्नाशीनंतर सायकल!" बस्स, डॉक्टर बोलले. दोन वर्षांत मैदान ओस. ज्या माणसांना बुटाची नाडी बांधताना धाप लागायची ती माणसं अंगाला चिकटलेल्या तोकड्या चड्ड्या घालून पहाटे पाचला रस्त्यावर दिसू लागली. वकीलसाहेबांचं पोट तर त्या कपड्यांत असं दिसायचं की कपडे पोटासाठी शिवलेत आणि वकील त्यात नंतर भरलेत. बोलणंही बदललं. आधी जमिनीचे भाव, आता कुणाची सायकल किती ग्रॅमने हलकी! अहो, स्वतःचे दहा किलो उतरवा की आधी. पण हे सांगणार कोण?

चाळीस कॅडींचे नऊ उरले. गवत गुडघ्यापर्यंत आलं. सिमेंटवाले साहेब सगळ्यांत शेवटी गेले. शेवटचे काही महिने ते आणि टेहळ्या असे दोघेच त्या एवढ्या मैदानावर चालायचे. एका सकाळी साहेब म्हणाले, "टेहळेराव, मीही सायकल घेतली. तू क्लबाचा गवताचा टेम्पो चालवायचास ना? आमच्या ग्रुपला टेम्पोवाला हवाय. पाणी, केळी, पंप, ट्यूबा घेऊन मागे मागे यायचं. मी डॉक्टरांशी बोललोय."

बायको ऐकून हसत सुटली. "म्हणजे बढती म्हणा की! आधी खांद्यावर न्यायचात, आता चाकावर."

त्याची रोजीरोटी सुटली नाही ती साहेबांमुळे, हे मात्र दोघांनाही माहीत होतं. बाकीचे कॅडी कुठे कुठे पांगले. कुणी पहारेकरी झाला, कुणी भाजीची गाडी लावली.

टेम्पोच्या काचेतून टेहळ्याने आपले साहेब वर्षभर बघितले. एकसष्ट वर्षांचा माणूस. पहिल्या महिन्यात दहा किलोमीटरला जीव मेटाकुटीला यायचा. उतारावर भीती वाटायची, चढावर शरम. बाकीचे पुढे निघून जायचे आणि साहेब मागे एकटे, मान खाली घालून पायडल मारत. पण सोडलं नाही. गुडघ्याला पट्टा बांधला, साखर सोडली, आठवड्यातून चार दिवस पहाटे उठले. चाळीस झाले, सत्तर झाले, शंभर झाले. एकदा ते पाणी पिताना म्हणाले, "गंमत आहे बघ. गोल्फमध्ये कधी कधी वाटायचं, नशीब मारतंय, मी नाही. इथे नशिबाचा काही संबंधच नाही. पाय हलले तर चाक हलतं." टेहळ्या नुसता हसला. मग त्याने घाईघाईने दुसरी बाटली भरायला घेतली.

डॉक्टरांनी मग मोठी राइड ठरवली. दोनशे किलोमीटर. पहाटे पाचला सुरुवात, संध्याकाळी साडेसहाच्या आत परत. प्रत्येकाला एक कार्ड. वाटेत दोन ठिकाणी टेबल मांडलेलं. तिथे कार्डावर शिक्का आणि वेळ टाकून घ्यायची. टेबल ठरल्या वेळी बंद. एक शिक्का चुकला की कार्ड बाद. टेम्पोतून पाणी घ्या, केळी घ्या, हवा भरून घ्या. माणूस मात्र टेम्पोत बसला की संपलं. जे पूर्ण करतील त्यांची नावं ग्रुपच्या फलकावर लागणार. साहेबांनी तीन महिने तेच एक ध्यान धरलं होतं. "आयुष्यात एकदा," ते टेहळ्याला म्हणाले, "एकदा दोनशे करायचे. मग नाही केलं तरी चालेल."

पहिल्या टेबलावर साहेब वेळेत होते. दुसरं टेबल एकशेदहाव्या किलोमीटरला, लांबलचक चढ संपतो तिथे, पेट्रोल पंपाच्या आवारात. ते साडेबाराला बंद व्हायचं होतं. चढ सुरू झाला आणि साहेबांची लय गेली. बाकीचे कधीच पुढे गेले होते. ऊन डोक्यावर. पावणेबाराच्या पुढे, टेबल चार किलोमीटरवर राहिलं असताना, साहेब एका झाडाखाली उतरले. चेहरा लालबुंद, ओठ पांढरे. सायकल बुंध्याला टेकवली आणि गवतावर आडवे झाले.

"दहा मिनिटं," ते म्हणाले. मनगटावरचं घड्याळ बघितलं. "बरोबर बाराला उठव मला. विसरू नकोस. बाराला उठलो तर पोचतो." आणि डोळे मिटले की घोरायलाच लागले.

टेहळ्या टेम्पोला टेकून उभा राहिला. बारा वाजले. त्याने साहेबांकडे बघितलं. तोंड उघडं पडलेलं, एक बूट निघालेला, गुडघ्यावरचा पट्टा सरकलेला. त्याने पुढचा चढ बघितला. चार किलोमीटर, सगळे वर. याच नजरेने त्याने बावीस वर्षं बॉल शोधले होते आणि त्याच नजरेने ठरवलं होतं, कुठून मारता येईल आणि कुठून नाही. तो मनात म्हणाला, हे काही होत नाही. उठवायचं, चढावर घालायचं, आणि टेबल बंद झालेलं दाखवायचं? त्यापेक्षा झोपू दे बिचाऱ्यांना.

कार्ड सायकलच्या हँडलवरच्या छोट्या पिशवीत होतं. ते काढताना त्याचा हात कापला नाही. हे तो आज स्वतःला सांगतो आणि मान खाली घालतो: हात जरासुद्धा कापला नाही. टेम्पो सुरू केला, वर गेला. टेबलावर बँकेतले निवृत्त कॅशियर बसले होते, टोपी डोळ्यांवर ओढून, पुढ्यात शाईचं पॅड. "साहेब कुठायत?" त्यांनी विचारलं.

"आलेत की. नळावर तोंड धुतायत," टेहळ्या म्हणाला.

कॅशियरने नळाकडे बघितलंसुद्धा नाही. उभ्या आयुष्यात ज्याने सही दोनदा ताडून पाहिल्याशिवाय पैसे दिले नाहीत, त्याने टेहळ्याच्या शब्दावर शिक्का मारला. का, तर टेहळ्या विश्वासाचा माणूस! बारा वाजून सोळा मिनिटं. टेहळ्या खाली आला, कार्ड होतं तसं पिशवीत ठेवलं आणि पुन्हा टेम्पोला टेकून उभा राहिला.

साहेब आपणहून जागे झाले ते बारा पंचविसाला. घड्याळ बघून ताडकन उठले. "अरे! उठवलं का नाहीस?"

"साहेब, फार दमला होतात."

साहेबांनी बूट चढवला, सायकलवर बसले. टेहळ्याला वाटलं, आता हे हळूहळू, रडतखडत येतील. पण माणूस असा सुटला की टेम्पोतला टेहळ्या बघत राहिला. उभं राहून पायडल मारत होते. पाठ घामाने काळी झालेली. एकदाही थांबले नाहीत, एकदाही मागे बघितलं नाही. पंपावर पोचले तेव्हा बारा बावन्न. टेबल गेलं होतं, कॅशियर गेले होते, पंपावरचा माणूस एका ट्रकमध्ये डिझेल भरत होता.

साहेब सायकल धरून उभे राहिले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मग ते हसले. "सत्तावीस मिनिटं लागली," ते म्हणाले. "बाराला निघालो असतो तर बारा सत्तावीसला इथे असतो. तीन मिनिटं हातात ठेवून! माझा हिशोब बरोबर होता, टेहळेराव. असो. गेलं ते गेलं. पण चढ चढलो, बघितलंस ना?"

त्याच वेळी गप्प बसायचं होतं. पण नाही! याला आपली काळजी दाखवायची होती. बावीस वर्षं लपवलेली काळजी या एका दिवशी त्याच्या तोंडून बाहेर पडली.

"गेलं नाही, साहेब," तो दात काढून म्हणाला. "कार्ड बघा."

साहेबांनी कार्ड काढलं. दुसरा शिक्का बघितला, वेळ बघितली. "बारा सोळा," ते म्हणाले. "तेव्हा मी झोपलो होतो."

"हो ना. म्हणूनच तर."

"मी तुला उठवायला सांगितलं होतं."

आता टेहळ्याचं हसू विरलं. साहेबांनी कार्डावरून नजर उचलली आणि त्याच्याकडे बघितलं. असं त्यांनी त्याच्याकडे कधीच बघितलं नव्हतं. कुणीतरी अनोळखी माणूस शेजारी येऊन उभा राहिल्यासारखं. त्यांनी अगदी हळू विचारलं, "मैदानावरही?"

टेहळ्याला खोटं बोलता आलं असतं. पण त्याची मान आपोआप खाली गेली, आणि खाली त्याचे स्वतःचेच बूट होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते त्याला त्या पेट्रोल पंपावर कळलं. डांबर आहे, तेलाचे डाग आहेत, आणि काहीही दुभंगत नाही.

"मला वाटायचं, मी बरा खेळतो," साहेब म्हणाले. रागाने नाही. रागाने म्हणाले असते तर सोसलं असतं.

त्यांनी पंपावरच्या नळावर बाटली भरून घेतली आणि निघाले. उरलेले नव्वद किलोमीटर त्यांनी टेम्पोतलं पाणी घेतलं नाही, केळं घेतलं नाही. एकदा चाक पंक्चर झालं तेव्हा टेहळ्या पंप घेऊन धावला, तर त्यांनी हाताने 'नको' केलं आणि रस्त्याच्या कडेला बसून स्वतः ट्यूब बदलली. टेहळ्या पंप हातात धरून बघत उभा. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ते परत आले. दोनशे किलोमीटर पुरे. वेळेच्या आत. ज्यांच्यावर कुणी पैज लावली नसती ते सिमेंटवाले साहेब!

सगळे टाळ्या वाजवायला लागले. डॉक्टरांनी मिठी मारली. साहेबांनी कार्ड डॉक्टरांच्या हातात दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दुसरा शिक्का खोटा आहे. त्या वेळी मी तिथे नव्हतो. माझं कार्ड बाद करा."

टाळ्या थांबल्या. कॅशियर पुढे आले. "पण कार्ड तर टेहळ्या घेऊन आला होता. म्हणाला, साहेब नळावर आहेत."

सगळ्या नजरा टेहळ्याकडे वळल्या. मग डॉक्टरांनी साहेबांकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही याला पाठवलंत?"

टेहळ्या दहा पावलांवर होता. हवेच्या पंपाची नळी गुंडाळत होता. एक शब्द पुरे होता. 'मी.' एवढाच. तो तोंडापर्यंत आला आणि त्याला टेम्पो दिसला, पोरीचं शेवटचं वर्ष दिसलं, भाजीची गाडी लावलेला कॅडी दिसला, आणि शब्द परत खाली गेला. नळी गुंडाळून झाली तर त्याने ती सोडली आणि परत गुंडाळायला घेतली.

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. "कार्ड माझं आहे," ते म्हणाले. "जबाबदारी माझी." आणि सायकल गाडीला बांधून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांचं नाव ग्रुपमधून काढलं. त्यानंतरच्या रविवारी बाकीचे जमले, तेव्हा दुसरा विषयच नव्हता. माणसाला कुणाचं तरी खोटं सापडलं की त्याच्या अंगात कशी ताकद येते बघा. त्या दिवशी वकीलसाहेबसुद्धा धाप न लागता बोलत होते. "एकसष्टाव्या वर्षी एका फलकासाठी! आणि गरीब माणसाला पाठवतो खोटं बोलायला." मग कुणीतरी म्हणालं, त्या दोन ढालींचं काय? डॉक्टर टेम्पोच्या खिडकीशी आले. "खरं सांग टेहळ्या. मैदानावरही असंच करायचे का रे ते?"

टेहळ्या म्हणाला, "मला काय कळतंय साहेब त्यातलं? मी आपला पिशवी उचलणारा."

सगळे अर्थपूर्ण हसले. कुणाला काय समजायचं ते समजलं. टेहळ्याने खोटं एक अक्षर उच्चारलं नव्हतं, आणि साहेबांच्या गळ्यात बावीस वर्षांची चोरी बांधून तो मोकळा झाला होता.

त्या दुपारी त्याला जेवण गेलं नाही. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट सरकवून समोर बसली. त्याने सगळं सांगितलं, बुटापासून. शेवटी ती म्हणाली, "अहो, तोंड आहे ना तुम्हाला? का ते नुसतं जेवायला दिलंय?"

"टेम्पो जाईल गं."

"जाऊ दे. मी चार घरी स्वयंपाक करीन. पण पोरीचा निकाल विचारायला तो माणूस फोन करतो, तेव्हा फोन मी उचलते. मी काय तोंडाने बोलू त्यांच्याशी?"

तो साहेबांच्या घरी गेला. ते मागच्या अंगणात सायकल उलटी करून साखळी पुसत होते. हात तेलाने काळे. त्यांनी 'ये' म्हटलं. टेहळ्या उभा राहूनच बोलला. रविवारी काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, तेही सांगितलं. मधेच त्याला रडू फुटलं. चोपन्न वर्षांचा बाप्या, बाहीने नाक पुसत होता. साहेब ऐकत राहिले. नेहमीसारखे, संपेपर्यंत.

मग म्हणाले, "एक विचारू? बावीस वर्षांत, त्या सगळ्या वेळांत, एकदा तरी तुला वाटलं का, की राहू दे, हा माणूस तिथून मारेल?"

टेहळ्याला कळत होतं, कुठल्या उत्तराने त्यांना बरं वाटेल. ते उत्तर देणं हाच तर त्याचा धंदा होता. पण त्या दिवशी त्याला ते देववेना.

"नाही साहेब," तो म्हणाला. "नाही वाटलं."

साहेबांनी मान हलवली आणि साखळी पुसत राहिले. जरा वेळाने म्हणाले, "हे खरं बोललास. त्यांना सांगायचं का नाही, ते तू बघ. मी सांगणार नाही." आणि आत चहा टाकायला सांगितला. तो चहा टेहळ्याने कसा प्यायला, त्याचं त्याला ठाऊक.

पुढच्या रविवारी तो पहाटे पावणेपाचलाच जाऊन उभा राहिला. सगळे जमले, डोक्यावर हेल्मेटं चढली. टेहळ्या टेम्पोसमोर आला आणि म्हणाला, "साहेब लोक, दोन मिनिटं." आवाज फाटला. तरी तो बोलला. "सिमेंटवाल्या साहेबांनी मला पाठवलं नव्हतं. ते झोपले होते. त्यांनी मला उठवायला सांगितलं होतं, मी उठवलं नाही. कार्ड मी चोरून नेलं. मैदानावरही बॉल मीच सरकवायचो. बावीस वर्षं. त्यांना माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. चोर मी आहे. मला काढून टाका."

वकीलसाहेबांनी डॉक्टरांकडे बघितलं. कॅशियरने टोपी काढून परत घातली. टेहळ्या मान खाली घालून उभा. शिव्या येतील, टेम्पोची किल्ली मागतील, कुणी अंगावर येईल, सगळ्याची तयारी होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हलकं वाटत होतं.

डॉक्टर सायकल धरून जवळ आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघा," ते बाकीच्यांना म्हणाले, "याला म्हणतात खाल्ल्या मिठाला जागणं. त्या माणसाने याला चोर करायला कमी केलं नाही, आणि हा त्याचं पाप आपल्या डोक्यावर घ्यायला निघालाय! कुठे मिळतात हो अशी माणसं?"

"नाही साहेब, खरंच मी..."

"पुरे, पुरे," डॉक्टर म्हणाले. "कळलं आम्हाला. त्यांनीच शिकवून पाठवलं असेल, नाही का? गेला होतास ना त्यांच्या घरी? कानावर आलंय आमच्या. तुझा काही दोष नाही."

"गेलो होतो, पण..."

वकीलसाहेब चुकचुकले. कुणीतरी टाळी वाजवली, मग दोघांनी, मग सगळ्यांनीच. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग घड्याळं बघितली गेली, दिवे लागले, आणि एकामागून एक सायकली फाटकातून बाहेर पडल्या. टेहळ्या थोडा वेळ तिथेच उभा राहिला. शेवटचा सायकलवाला वळून ओरडला, "चल रे, पाणी मागे राहील!" तेव्हा तो टेम्पोत बसला आणि त्याने किल्ली फिरवली.